दुसरं घर, पहिला भाडेकरू

पगारदार मराठी घरात हा विषय कधी ना कधी निघतोच. बँकेत वीसेक लाख साठलेले असतात, ठेवीचं व्याज डोळ्यांत खुपत असतं आणि जेवणाच्या टेबलावर कुणीतरी म्हणतं, ‘एक फ्लॅट घे, भाडं येत राहील.’ पुढच्या संवादातली दोन माणसं कल्पित आहेत, पण अशी माणसं पुण्यात गल्लोगल्ली भेटतील. काका राष्ट्रीयीकृत बँकेतून निवृत्त झालेले. कर्वेनगरला त्यांचा एक वन बीएचके एकवीस वर्षं भाड्याने दिलेला आहे. पुतणी हिंजवडीला नोकरी करते आणि बाणेरला स्वतः भाड्याने राहते. वाद आहे रावेतमधल्या एका टू बीएचकेचा. घर पुनर्विक्रीचं, किंमत ७० लाख, भाडं २२ हजार. फ्लॅटचे आणि घरखर्चाचे आकडे सोयीसाठी धरले आहेत. कर, शुल्कं आणि कायदे मात्र खरे आहेत.

काका : अगं, बावीस गुणिले बारा, २ लाख ६४ हजार. सत्तर लाखांवर पावणेचार टक्के. वर घराची किंमत वाढणार ती वेगळीच. आणखी काय पाहिजे तुला?

पुतणी : काका, तुम्ही बँकेत कर्जखात्यात होता. समोरच्या माणसाने एवढाच हिशोब मांडला असता तर तुम्ही त्याची फाईल पुढे सरकवली असती?

काका : गृहकर्जाला आम्ही हा हिशोब बघायचोच नाही. पगाराची स्लिप बघायचो.

पुतणी : म्हणजे बँकेचाही भरवसा माझ्या पगारावर, भाड्यावर नाही. बरं, आता माझा हिशोब ऐका. मुद्रांक शुल्क पिंपरी-चिंचवडच्या हद्दीत पुरुषाच्या नावावर सात टक्के, बाईच्या नावावर सहा. म्हणजे माझे ४ लाख २० हजार. नोंदणीचे ३० हजार. दलाल एक टक्का घेणार, ते ७० हजार. किचनच्या ट्रॉल्या, खिडक्यांच्या जाळ्या, गिझर, पंखे, रंग हे सगळं मिळून १ लाख ८० हजार. झाले ७७ लाख. भाडं मोजायचं ते सत्याहत्तरवर.

काका : मोज.

पुतणी : वर्षातला एक महिना घर रिकामं धरते. राहिले २ लाख ४२ हजार. सोसायटीचा मेंटेनन्स ३ हजार, तो त्या भागात बहुधा मालकच भरतो. वर्षाचे ३६ हजार. स्वतः राहत नाही म्हणून बिनभोगवटा शुल्क ३ हजार. मिळकतकर १० हजार. दोन वर्षांनी भाडेकरू बदलला की एजंटला एक महिन्याचं भाडं, म्हणजे वर्षाला ११ हजार. रंग, नळ, गळती यांचे १५ हजार. एकूण ७५ हजार. हातात उरले १ लाख ६७ हजार. सत्याहत्तर लाखांवर सव्वादोन टक्केसुद्धा होत नाहीत.

काका : बिनभोगवटा शुल्काला मर्यादा आहे बरं का. पूर्वी सोसायट्या मनाला येईल तो आकडा लावायच्या. सरकारने २००१ मध्ये ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांवर आणून ठेवलं. पावतीवर जास्त दिसलं तर भांडायचं.

पुतणी : भांडेन. पण त्यात वर्षाला हजार-दोन हजार वाचतील. आणि उन्हाळ्यात टँकर सुरू झाले की सोसायटी जादा वर्गणी काढते, तिथे ते परत जातील. तिकडच्या कितीतरी सोसायट्या फेब्रुवारीपासून टँकरवर असतात, हे तर तुम्हालाही माहीत आहे.

काका : तू कर्ज काढणार ना पण? मग गणित बदलतं.

पुतणी : बदलतं म्हणजे बिघडतं. तीस लाखांच्या वरच्या कर्जाला रिझर्व्ह बँकेच्या नियमाने घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच कर्ज मिळतं, आणि मुद्रांक-नोंदणी त्या किमतीत धरत नाहीत. म्हणजे कर्ज ५६ लाख, पदरचे २१ लाख. साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांचा हप्ता साधारण ४८ हजार ६००. खर्च वजा जाता भाडं महिन्याला १४ हजारसुद्धा नाही. उरलेले जवळपास ३५ हजार दर महिन्याला माझ्या पगारातून. याला ‘भाड्यातून हप्ता फिटतो’ असं कोण म्हणतं?

इथे कराचं एक पाहायला हवं, कारण दलालाच्या तोंडी ते हमखास असतं. भाड्याच्या उत्पन्नातून भरलेला मिळकतकर वजा होतो, उरलेल्या रकमेतून दुरुस्ती वगैरेंपोटी सरसकट ३० टक्के वजा होतात, खर्च केला असो वा नसो, आणि मग कर्जाचं व्याज वजा होतं. या फ्लॅटवर पहिल्या वर्षी पावणेपाच लाखांच्या घरात व्याज जाईल, तेव्हा भाड्यावर कर पडणार नाही हे खरं. पण तोटा पगारातून वजा करून कर वाचवायची जी जुनी युक्ती होती, ती जुन्या करप्रणालीत वर्षाला २ लाखांपर्यंतच चालते आणि नव्या प्रणालीत अजिबात चालत नाही. आजचे बहुतेक नोकरदार नव्या प्रणालीत आहेत. ‘टॅक्स वाचतो’ असं सांगणाऱ्याला कुठल्या प्रणालीत, एवढंच विचारावं.

काका : तू फक्त भाडं बघतेस. घर वर्षाला पाच टक्के वाढलं तर साडेतीन लाख वाढले. तुझे अडकलेत एकवीस लाख. म्हणजे सोळा-सतरा टक्के मिळाले! उसन्या पैशावर कमाई झाली, ती मोज ना.

पुतणी : मोजलीय. वाढ साडेतीन लाख, निव्वळ भाडं १ लाख ६७ हजार, मिळून ५ लाख १७ हजार. त्यातून व्याज ४ लाख ७० हजार गेलं. उरले ४७ हजार. एकवीस लाखांवर सव्वादोन टक्के. त्या एकवीसमधले सात लाख तर पहिल्याच दिवशी शुल्क, दलाली आणि ट्रॉल्या-रंगात गेले, ते मी अजून मध्ये आणलेच नाहीत.

काका : आठ टक्के वाढलं तर?

पुतणी : तर बारा टक्के सुटतात, छान सुटतात. आणि वाढलंच नाही तर वर्षाला तीन लाखांचा खड्डा. २०१४ नंतरची पाच-सहा वर्षं आठवा. तेव्हा ज्यांनी दुसरा फ्लॅट घेतला ते २०२० पर्यंत ‘घेतलेल्या किमतीला तरी जाऊ दे’ म्हणत बसले होते.

काका : आणि मग कोविडात हिंजवडी, वाकड, खराडी सगळं ओस पडलं. माहीत आहे. माझ्याकडची मुलं सामान तसंच टाकून गावी गेली होती. पण मी सांगतो ते ऐक. कर्वेनगरचं घर मी साडेसात लाखांना घेतलं. आज १७ हजार भाडं येतं. वर्षाचे दोन लाख. माझ्या पैशावर सत्तावीस टक्के! कुठली ठेव देते?

पुतणी : काका, ते घर आज विकलं तर?

काका : पंचेचाळीस सहज.

पुतणी : मग तुमचे अडकलेत पंचेचाळीस लाख, साडेसात नाहीत. त्यावर साडेचार टक्के, तेही खर्चाआधी. आणि साडेसाताचे पंचेचाळीस व्हायला एकवीस वर्षं लागली, ती वाढ वर्षाला नऊ टक्क्यांच्या आसपास येते. चांगलीच आहे. पण सत्तावीस म्हणू नका.

काका : चालेल, नऊ म्हणू. वर भाडं मिळालं ते धरून किती? तेरा तरी?

पुतणी : खर्च जाऊन बारा म्हणू या.

काका : आणि या एकवीस वर्षांत मी एकदाही घाबरून घर विकलं नाही. २००८ मध्ये तुझ्या बाबांनी म्युच्युअल फंड विकून टाकले, आठवतं? घराचा भाव रोज सकाळी मोबाईलवर दिसत नाही, हा त्याचा मोठा गुण आहे. माणूस शांत राहतो.

काकांचा हा मुद्दा वरवर भोळा वाटतो, पण मला तो त्यांच्या सगळ्या मुद्द्यांत वजनदार वाटतो. हप्ता चुकवता येत नाही, म्हणून बचत होते. घर चटकन विकता येत नाही, म्हणून ते टिकतं. शिस्तीच्या माणसाला याची गरज नसेल, पण शिस्तीची माणसं किती असतात? मात्र त्याची दुसरी बाजूही तेवढीच खरी. घरात आजारपण आलं आणि चार लाख हवे झाले, तर फ्लॅटचं स्वयंपाकघर तेवढं विकता येत नाही.

पुतणी : आपल्याच घराण्यात भाडेकरूंचा धसका होता ना? आजोबा म्हणायचे, भाडेकरू ठेवला की घर गेलं.

काका : उगाच नव्हता धसका. शनिवार पेठेतला वाडा आठव. १९४७ चा मुंबई भाडे नियंत्रण कायदा आला आणि भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठली. सरकारला वाटलं युद्धानंतरची टंचाई आहे, दोन-चार वर्षांत ओसरेल. कायद्याला मुदतवाढ मिळत राहिली ती पन्नास वर्षं. खोलीचं भाडं काही रुपये, कौलं शाकारायला शेकडो. मालकाने हात आखडता घेतला, वाडे खचले. पुण्यातले निम्मे वाडे पावसाने पडले असतील, पण निम्मे या कायद्याने पाडले.

पुतणी : आणि लिव्ह अँड लायसन्स?

काका : तो मालकांनी काढलेला चोरदरवाजा होता. भाडेकरू नाही, परवानाधारक म्हणायचं, म्हणजे भाडे कायदा लागू होत नाही. मग १९७३ मध्ये दुरुस्ती आली. १ फेब्रुवारी १९७३ ला जो जो परवान्यावर राहत होता, तो एका फटक्यात संरक्षित भाडेकरू झाला. पाहुणा म्हणून ठेवलेला माणूस घरातला झाला! त्यानंतर आजोबांसारख्यांनी कुलूप लावून घर रिकामं ठेवलं, पण दिलं नाही. २०११ च्या जनगणनेत शहरांतली एक कोटीहून जास्त घरं रिकामी निघाली ना, त्यामागे हीसुद्धा भीती आहे.

पुतणी : मग आज तुम्ही कुठल्या धीराने देता?

काका : १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की असं गोठवलेलं भाडं वाजवी राहिलेलं नाही. त्यानंतर १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा झाला आणि ३१ मार्च २००० पासून लागू झाला. जुन्या भाडेकरूंना संरक्षण राहिलं, वर्षाला चार टक्के वाढ मिळाली. पण नव्या लिव्ह अँड लायसन्सला वेगळी वाट मिळाली. मुदत संपून माणूस निघाला नाही तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करायचा. घर सोडेपर्यंत दुप्पट दराने भरपाई मागता येते. दिवाणी कोर्टाच्या मानाने हे बरंच जलद.

पुतणी : आणि हे फक्त करार नोंदवलेला असेल तर.

काका : नोंदणीची जबाबदारी मालकाचीच आहे, आणि हे लोकांना सांगून पटत नाही. अकरा महिन्यांचा करार नोटरी करून ठेवला की झालं असं समजतात. बाकीच्या देशात एक वर्षाच्या आतला भाडेपट्टा नोंदवावा लागत नाही, त्यातून ही अकरा महिन्यांची सवय आली. महाराष्ट्रात कितीही महिन्यांचा करार असो, लेखी आणि नोंदवलेलाच लागतो. नाही नोंदवला आणि वाद झाला, तर अटींबद्दल भाडेकरू म्हणेल ते ग्राह्य धरतात. मालकाला पाच हजारांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. आणि हे सगळं टाळायला खर्च किती? तुझ्या बावीस हजारांच्या अकरा महिन्यांच्या कराराला पाव टक्का मुद्रांक, म्हणजे सहाशे-साडेसहाशे, आणि शहरात नोंदणीचे हजार. एजंट अंगठ्याचं मशीन घेऊन घरी येतो. त्याचे पैसे वेगळे.

पुतणी : पोलिसांकडे भाडेकरूची माहिती द्यायची.

काका : ती ऑनलाइन देता येते. द्यायचीच. सोसायटीला पत्र द्यायचं. आणि घर फॅमिलीलाच द्यायचं.

पुतणी : का?

काका : का म्हणजे? पोरं दंगा करतात, पार्ट्या करतात, भिंती खराब करतात.

पुतणी : मी बाणेरला घर शोधत होते तेव्हा फोनवर पहिला प्रश्न पगाराचा नव्हता, लग्नाचा होता. दुसरा आडनावाचा. तिसरा, घरात अंडं तरी शिजवता का. एका मालकीणबाईंनी सांगितलं, रात्री दहानंतर कुणी आलेलं चालणार नाही, माझा भाऊसुद्धा नाही. दीड महिना मी मैत्रिणीच्या हॉलमध्ये झोपत होते. आता मी मालकीण झाले तर हेच प्रश्न मी विचारायचे?

काका : मालकाचीही काळजी असते गं.

पुतणी : असू दे. पण तुमचीच वही काढा. भाडं कुणी थकवलं? त्या तीन इंजिनिअर पोरांनी की त्या सज्जन फॅमिलीने?

काका : …फॅमिलीने. चार महिने.

पुतणी : आणि पोरं लॉकडाऊनमध्ये गेली तरी?

काका : निम्मं भाडं देत होती सप्टेंबरपर्यंत. ते मीच कबूल केलं होतं त्यांच्याशी.

पुतणी : मग तुमचा अनुभव एक सांगतो आणि तुमची अट दुसरी.

भाड्याच्या घरावर लिहिणारे हा भाग सहसा सोडून देतात, जणू भाडेकरू म्हणजे ठेवीच्या पावतीवरचा व्याजदर. वरचा सगळा हिशोब मात्र त्याच माणसावर उभा आहे. एक महिना रिकामा धरला होता. आडनाव, लग्न आणि ताट यांच्या अटी लावत गेलं की त्या एका महिन्याचे तीन होतात, आणि दोन टक्के होते ते पावणेदोनच्याही खाली येतात. कुणाला नकार देणं योग्य की अयोग्य, या प्रश्नाला माझं उत्तर काकांसारखं नाही. पण ते बाजूला ठेवलं तरी हा नकार फुकट मिळत नाही. उलट नोकरीचं पत्र, आधीच्या मालकाशी दोन मिनिटं बोलणं, वेळेवर भाडं भरल्याच्या बँकेतल्या नोंदी यांतून माणूस जास्त कळतो. अनामत परत करताना ‘पेंटिंगचे’ म्हणून सरसकट महिन्याचं भाडं कापून घेणारे मालकही पुण्यात पुष्कळ आहेत. घर देताना प्रत्येक खोलीचे फोटो काढून दोघांनी जपून ठेवले, तर तो वाद होतच नाही.

काका : बरं, तुला घर नकोच असेल तर पैसे टाकणार कुठे? शेअर बाजारात?

पुतणी : भाडंच हवं असेल तर रीट आहेत. एम्बसीचा पहिला रीट २०१९ मध्ये आला, मग माइंडस्पेस, ब्रुकफील्ड, नेक्सस. मोठी ऑफिसं आणि मॉल यांच्या भाड्यातला वाटा. वाटता येण्याजोग्या रोकडीतली किमान ९० टक्के वाटायची असा सेबीचा नियम आहे. एक युनिट काही शे रुपयांना मिळतं. माझ्या ऑफिसजवळची एम्बसीची इमारतसुद्धा त्यात आहे, म्हणजे मी रोज माझ्या भाडेकरूसमोरून जाऊ शकते! वाटप साधारण पाच-सहा टक्क्यांच्या आसपास राहिलंय. टँकर नाही, नळ नाही, दलाल नाही.

काका : आणि भाव रोज मोबाईलवर. कंपन्यांनी घरून काम सुरू केलं की ऑफिस रिकामं, तिथेही तेच. शिवाय त्यात तुझं काही चालत नाही. माझ्या घरात मी खिडकी मोठी केली, सोलर गिझर बसवला, भाडं दीड हजाराने वाढलं. तिथे तू काय करणार? वार्षिक अहवाल वाचणार.

पुतणी : मला दर रविवारी प्लंबर शोधायचा नाही, काका.

काका : मग तू घर घेऊ नकोस, हे मीच सांगतो. हे पैसे गुंतवून विसरायचं काम नाही. हा धंदा आहे, लहान का असेना. ज्याला माणसांशी बोलायचा, भांडायचा, जिना चढायचा कंटाळा, त्याला त्यात दोन टक्केही सुटायचे नाहीत.

पुतणी : कंटाळा नाही मला. पण कर्जाच्या ओझ्याखाली धंदा नको. समजा घेतलंच, तर रावेतचं टू बीएचके नाही. वन बीएचके, जुन्या भागातलं, चालत जाण्यासारखं कॉलेज किंवा मेट्रो स्टेशन जवळ असलेलं. लहान घराला किमतीच्या मानाने भाडं जास्त येतं, आणि कर्ज अर्ध्यापेक्षा कमी ठेवता येईल.

काका : हे मी मघापासून सांगायच्या बेतात होतो. कोथरूड, कर्वेनगर, एरंडवण्याला जुन्या सोसायट्यांचा पुनर्विकास चाललाय. बांधकाम सुरू असेपर्यंत बिल्डर तुला भाडं देतो आणि शेवटी नवं घर.

पुतणी : किंवा सभासदांच्या भांडणात आठ वर्षं काहीच होत नाही. पुनर्विकासाच्या आशेचे पैसे किमतीत धरून विकतायत सगळे. मी ती आशा शून्य धरणार.

काका : धर शून्य. पण कागद नीट बघ. इंडेक्स टू, तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट, भोगवटा पत्र, सोसायटीचा थकबाकी नसल्याचा दाखला. आणि जमिनीचं अभिहस्तांतरण सोसायटीच्या नावे झालंय का ते आधी विचार. झालं नसेल तर जमीन अजून बिल्डरच्याच नावावर, आणि पुनर्विकासाच्या गप्पा हवेतल्या. आणखी एक. महापालिका मिळकतकरात स्वतः राहणाऱ्याला जी ४० टक्के सवलत देते, ती भाड्याने दिल्यावर जाते. तो खर्च तुझ्या कागदावर लिही.

पुतणी : लिहिला. भाडं मात्र विकणारा सांगेल ते मी धरणार नाही.

काका : मग?

पुतणी : त्याच सोसायटीत आधी भाडेकरू म्हणून जाणार. तीन एजंटांना फोन करून एक घर हवंय म्हणणार, भाड्याची घासाघीस करणार. वॉचमनला विचारणार, किती फ्लॅट रिकामे आहेत आणि कधीपासून. शिवाय मी एकटी आहे, लग्न झालेलं नाही, हे सांगून कोण घर देतं तेही कळेल.

काका : आणि समज, चांगलं भाड्याचं घर खरंच मिळालं तर?

पुतणी : तर बाणेर सोडून तिथे राहायला जाईन. सहा महिन्यांत पाणी, पार्किंग, शेजार, मीटिंगमधली भांडणं सगळं समजेल. मग घेते की नाही ते बघू.

काका : तोवर भाव वाढले म्हणजे?

पुतणी : वाढू देत. सहा महिन्यांत पाच टक्के वाढले तर पंचेचाळीस लाखांवर सव्वादोन लाख जास्त मोजेन. चुकीचं घर घेतलं, तर घेताना आणि विकताना शुल्क-दलालीतच त्याहून जास्त जातील.

काका : शनिवारी मीही येतो बरोबर. कर्वेनगरच्या त्या लायब्ररीमागच्या सोसायटीत दोन वन बीएचके आहेत म्हणे.

पुतणी : या. पण एजंटसमोर गप्प बसा. तुम्ही ‘आम्ही विकत घ्यायचंच बघतोय’ म्हणालात की दुसऱ्या मिनिटाला भाड्याचा आकडा तीन हजारांनी वाढेल.